खडकीचा स्मृतिदिन आणि नाशिकमधील सैनिकांची मानवंदना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोव्हेंबर जवळ आला की देवळाली कॅम्प, नाशिक रोड, भगूर आणि सिन्नर-निफाडकडच्या माजी सैनिकांच्या घरांतून ठरावीक विचारणा सुरू होते. पुण्यातील खडकीच्या वॉर सिमेट्रीत, म्हणजे महायुद्धातील सैनिकांच्या दफनभूमीत, स्मृतिदिनाचा कार्यक्रम कधी असतो, पणजोबांची पदके कोणी लावायची, हार न्यायचा की पुष्पचक्र, आणि मुळात आपल्या घरातल्या माणसाचे नाव तिथे आहे का, हे ते प्रश्न. त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. काही उत्तरे दोन ओळींत संपतात, तर काहींसाठी थोडे इतिहासात शिरावे लागते.

११ नोव्हेंबर हाच दिवस का पाळला जातो?

पहिल्या महायुद्धातील शस्त्रसंधी ११ नोव्हेंबर १९१८ रोजी सकाळी अकरा वाजता अमलात आली, म्हणून राष्ट्रकुलातील देशांत हा दिवस युद्धात मृत्यू पावलेल्या सैनिकांच्या स्मरणाचा मानला जातो. पुढे दुसऱ्या महायुद्धातील मृतांचेही स्मरण याच दिवशी होऊ लागले. अनेक ठिकाणी मुख्य कार्यक्रम ११ तारखेऐवजी जवळच्या रविवारी घेतात, त्यामुळे निघण्यापूर्वी त्या वर्षीची तारीख आणि वेळ विचारून घ्यावी. हे दिवस कधीकधी ऐन दिवाळीत येतात. २०२३ मध्ये लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होते, आणि अशा वर्षी घरातल्या वडीलधाऱ्यांना आधीच सांगून ठेवलेले बरे.

खडकीच्या वॉर सिमेट्रीत नेमके कोण आहेत?

ही जागा कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन सांभाळते. पश्चिम आणि मध्य भारतातील ज्या लहानमोठ्या दफनभूमींची कायमची निगा राखली जाण्याची खात्री नव्हती, तेथील दुसऱ्या महायुद्धातील सैनिकांचे अवशेष एकत्र आणण्यासाठी ती तयार करण्यात आली. आज तिथे दुसऱ्या महायुद्धातील १,६६८ दफने आहेत. त्याच आवारात पहिल्या महायुद्धाचे स्मारक आहे. भारतात मृत्यू पावलेल्या आणि आजच्या भारत-पाकिस्तानातील नागरी किंवा छावणी दफनभूमींत पुरलेल्या अठराशेहून अधिक सैनिकांची नावे त्यावर आहेत. त्यांपैकी ६२९ जणांचे अवशेष मार्च १९६२ मध्ये मुंबईच्या शिवडी दफनभूमीतून येथे आणून पुन्हा पुरण्यात आले. पूर्व आणि पश्चिम आफ्रिकेतून आलेल्या १९३ सैनिकांचे स्मारकही येथेच आहे. बहुतेक पाहुणे त्याच्यासमोर थांबत नाहीत. आपण थांबावे, कारण त्या सैनिकांच्या घरून येथे कोणी येण्याची शक्यता फार थोडी आहे.

मग देवळालीचा याच्याशी काय संबंध?

संबंध जवळचा आहे. मुंबई बंदरात उतरणारे आणि तेथून मायदेशी परतणारे ब्रिटिश सैनिक देवळालीच्या छावणीत मुक्काम करत असत. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या, आघाडीवरून बोटीने मुंबईला आणलेल्या आजारी आणि जखमी सैनिकांसाठी देवळालीत मोठी लष्करी रुग्णालये उघडण्यात आली. त्या आघाडीवर गोळीइतकीच माणसे पटकी, आमांश, हिवताप आणि उष्माघाताने गारद होत होती. जे देवळालीला पोहोचूनही वाचले नाहीत, त्यांना छावणीच्या दफनभूमीत पुरण्यात आले, आणि अशा छावणी दफनभूमींतील सैनिकांची नावे पुढे खडकीच्या स्मारकावर कोरली गेली. त्यामुळे खडकीचा कार्यक्रम हा पुण्याचा, आपल्याला त्यात काय, असे एखादा नाशिककर म्हणाला तर ते बरोबर नाही. त्या भिंतीवर आपल्या देवळालीच्या मातीचाही हिशेब आहे.

कार्यक्रमात काय काय होते आणि कोणत्या क्रमाने?

ठिकाणानुसार थोडाफार फरक पडतो, पण गाभा सारखाच असतो. पाहुणे आणि नातेवाईक अकराच्या बरेच आधी आपापल्या जागी उभे राहतात. स्मारकाच्या चार कोपऱ्यांवर पहारा असतो. छोटेसे स्वागत आणि काही ठिकाणी सर्वधर्मीय प्रार्थना होते, त्यानंतर ‘शोक शस्त्र’ हा हुकूम येतो. हा हुकूम प्रथमच पाहणाऱ्याने सैनिकांच्या हातांकडे लक्ष द्यावे. रायफल सावकाश उलटी होते, नळीचे तोंड बुटाच्या टोकाशी टेकते, दोन्ही तळवे दस्त्यावर एकावर एक येतात आणि मान खाली जाते. हे सगळे एका गतीत आणि एका आवाजात घडते. नेहमीच्या सलामीत शस्त्र वर येते, येथे ते मुद्दाम खाली वळवलेले असते.

मग बिगुलवर ‘लास्ट पोस्ट’ वाजते. छावणीत दिवस संपल्याची आणि पहारे लागल्याची ही जुनी खूण आहे, आणि सैनिकाच्या अंत्यविधीत तीच अखेरच्या निरोपाची धून झाली. ती संपते तिथे दोन मिनिटांची शांतता सुरू होते. शांतता संपल्याची खूण म्हणून ‘राऊज’, म्हणजे सकाळी जागे करणारी धून, वाजवली जाते आणि सैनिक पुन्हा ताठ होतात. त्यानंतर पुष्पचक्रे अर्पण केली जातात. आधी लष्करी अधिकारी, मग विविध देशांचे प्रतिनिधी, मग माजी सैनिक आणि कुटुंबे, असा साधारण क्रम असतो. शेवटी राष्ट्रगीत होते. सारा कार्यक्रम तासाभरात आटोपतो आणि भाषणे थोडीच असतात. आपल्याकडच्या सत्कार समारंभांची सवय असलेल्याला ते चुकल्यासारखे वाटते, पण या प्रसंगाला तेच साजेसे आहे.

दोन मिनिटे शांत उभे राहण्याची प्रथा कोठून आली?

दक्षिण आफ्रिकेतील केप टाउन शहरात १९१८ साली दुपारच्या तोफेबरोबर सगळी रहदारी थांबवून मृत सैनिकांसाठी शांतता पाळली जाऊ लागली. तेथील पर्सी फिट्झपॅट्रिक यांनी ही कल्पना लंडनला कळवली आणि पंचम जॉर्ज यांच्या आवाहनानुसार ११ नोव्हेंबर १९१९ रोजी ती प्रथम साम्राज्यभर पाळली गेली. आपल्याकडे ३० जानेवारीला, गांधीजींच्या पुण्यतिथीला, सकाळी अकरा वाजता स्वातंत्र्यासाठी प्राण दिलेल्यांच्या स्मरणार्थ देशभर दोन मिनिटे शांतता पाळतात. जेथे भोंग्याची सोय आहे तेथे १०.५९ ते ११.०० आणि पुन्हा ११.०२ ते ११.०३ असा तो वाजवला जातो. ज्यांनी शाळेत असताना ते दोन भोंगे ऐकले असतील, त्यांना खडकीतील बिगुलचे दोन सूर काय काम करतात हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

आमचे पणजोबा महायुद्धात गेले आणि परतलेच नाहीत. त्यांची कबर खडकीत सापडेल का?

बहुधा नाही, आणि त्याची कारणे समजून घेतली तर निराशा कमी होईल. पहिले कारण असे की आपले लोक परदेशी आघाड्यांवर मरण पावले आणि जो जेथे पडला तेथेच त्याचे अंतिम संस्कार झाले. पुण्याच्या नावाची सहावी डिव्हिजन मेसोपोटेमियात होती आणि तिच्यात मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ पासून कूत-अल-अमारा येथे तिला वेढा पडला, २९ एप्रिल १९१६ रोजी तिने शरणागती पत्करली आणि त्यानंतरच्या बंदिवासात असंख्य जवान दगावले. दुसरे कारण असे की हिंदू आणि शीख सैनिकांचे दहन होत असे, आणि जेथे दहन झाले तेथे कबर नसते. इंग्लंडमध्ये ब्रायटनजवळ ज्या टेकडीवर ५३ हिंदू आणि शीख सैनिकांचे दहन झाले तेथे १९२१ साली छत्री उभारली गेली, पण अशा जागा मोजक्याच आहेत. एरवी या सैनिकांची आठवण भिंतीवरच्या नावात राहते.

त्यामुळे आपल्या माणसाचे नाव शोधायचे तर ते तो ज्या आघाडीवर लढला तेथील स्मारकावर शोधावे लागते. फ्रान्समधील नव्ह-शापेल येथे ४,७०० हून अधिक भारतीयांची नावे आहेत. इराकमधील बसरा स्मारकावर चाळीस हजारांहून अधिक जणांचे स्मरण आहे, इटलीत कसिनो येथे दुसऱ्या महायुद्धातील नावे आहेत. रायगड जिल्ह्यातील माणगावकडचे नाईक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ रोजी इटलीतील टायबर नदीच्या खोऱ्यात एकट्याने मशीनगनच्या मोर्चावर चढाई करताना वीरमरण आले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचीही ज्ञात कबर नाही, त्यांचे नाव कसिनोच्या स्मारकावर आहे. सर्वोच्च पदकाच्या मानकऱ्याची ही स्थिती असेल, तर साध्या शिपायाची कबर सापडली नाही म्हणून घरच्यांनी स्वतःला बोल लावून घेऊ नये.

सर्व सैनिकांना समान वागणूक असे म्हणतात. ते खरे होते का?

तत्त्व खरे होते, अंमल मात्र सगळीकडे झाला नाही. कमिशनची स्थापना २१ मे १९१७ रोजी ‘इम्पीरियल वॉर ग्रेव्हज कमिशन’ या नावाने झाली. हुद्दा, वंश किंवा धर्म यांचा भेद न करता प्रत्येक मृत सैनिकाचे नाव कायम राहावे, असे तिने ठरवले. सेनापती असो वा शिपाई, दगड एकाच मापाचा. तो काळ पाहता हा निर्णय धाडसी होता आणि श्रीमंत घराण्यांनी त्याला विरोधही केला होता.

पण युरोपच्या बाहेर हे तत्त्व पातळ होत गेले. बसरा स्मारकाचेच उदाहरण घ्यावे. तेथे अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली, भारतीय शिपायांच्या बाबतीत मात्र पलटणीचे नाव आणि मृतांची संख्या एवढेच दगडावर आले. कमिशनने नेमलेल्या समितीचा अहवाल एप्रिल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या महायुद्धातील अंदाजे ४५,००० ते ५४,००० मृतांचे, मुख्यतः आफ्रिकी, आशियाई आणि मध्यपूर्वेतील लोकांचे, स्मरण असमान पद्धतीने झाले, आणि आणखी किमान १,१६,००० जणांचे, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत लोकांचे, नावानिशी किंवा मुळीच स्मरण झाले नाही, असे त्यात मान्य केले आहे. कमिशनने त्याबद्दल माफी मागितली आणि नावे शोधण्याचे काम हाती घेतले.

ही बाब खडकीच्या हिरवळीवर उभे असताना विसरू नये असे आम्हाला वाटते. पहिल्या महायुद्धात अविभाजित भारतातून तेरा लाखांच्या आसपास माणसे गेली आणि सुमारे ७४,००० मरण पावली. दुसऱ्या महायुद्धात पंचवीस लाखांहून अधिक जण सैन्यात होते आणि सुमारे ८७,००० मरण पावले. त्यांपैकी ज्यांची नावे अजून कोठेच नाहीत, ती कोणा परक्या संशोधकाच्या कपाटातून निघणार नाहीत. ती गावातल्या जुन्या ट्रंकेतून, कुळाच्या वहीतून आणि आजीच्या आठवणीतून निघतील. स्मृतिदिनाला जाणाऱ्या प्रत्येक घराने एक तरी नाव पलटणीसह आणि गावासह लिहून सोबत न्यावे, हा आमचा आग्रह त्यासाठीच आहे.

ते नाव शोधायचे कसे?

सुरुवात घरातून करावी. पदक असेल तर त्याचा दर्शनी भाग नंतर पाहावा, आधी ते उभे धरून कड पाहावी. पहिल्या महायुद्धाच्या पदकांच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण अगदी बारीक अक्षरांत ठोकलेली असते. भारतीय सैनिकांना मिळालेल्या दुसऱ्या महायुद्धाच्या पदकांवरही ती बहुधा सापडते. भिंग वापरावे, खिडकीशी तिरपा प्रकाश घ्यावा. चिंच-मीठ किंवा भांडी घासायची पावडर लावू नये. दिवाळीच्या साफसफाईत चकचकीत झालेल्या कितीतरी पदकांवरची नावे अर्धी पुसली गेली आहेत. पदक चांदीऐवजी काशाचे निघाले म्हणून ते खोटे समजू नये. खेचरे हाकणारे, पाणी वाहणारे, स्वयंपाकी अशा बिनलढाऊ माणसांना पहिल्या महायुद्धाचे पदक त्याच धातूत दिले जाई.

नाव आणि पलटण कळली की कमिशनच्या संकेतस्थळावरील नोंदी पाहाव्यात. येथे दोन अडचणी येतात. एक म्हणजे आडनाव नोंदलेलेच नसते, नुसते ‘राघू’ किंवा ‘सखाराम’ असते. दुसरी म्हणजे इंग्रज कारकुनाने जसे ऐकले तसे लिहिलेले स्पेलिंग. जाधव, पवार, गायकवाड ही नावे चार-पाच प्रकारे लिहून पाहावीत, आणि जिल्ह्याचे नावही जुन्या पद्धतीने, एच अक्षराशिवाय, टाकून पाहावे. बऱ्याच नोंदींत वडिलांचे किंवा पत्नीचे नाव, गाव आणि तालुका दिलेला असतो. ओळख पटते ती तेथेच.

वडिलांचे नावच घरात कोणाला माहीत नसेल तर नाशिककरांकडे एक सोय आहे, जी इतर जिल्ह्यांना इतक्या जवळ मिळत नाही. रामकुंडावरील आणि त्र्यंबकेश्वरातील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत गावोगावच्या कुळांच्या पिढ्या लिहिलेल्या असतात. आपल्या कुळाचे क्षेत्रोपाध्याय कोण ते विचारावे, आडनाव आणि मूळ गाव सांगावे. अस्थिविसर्जनाला किंवा श्राद्धाला आलेल्या भावाने, पुतण्याने त्या काळी सांगितलेली नावे तेथे निघू शकतात. दक्षिणा द्यावी आणि त्या पानाचा फोटो परवानगी घेऊनच काढावा.

इंग्रजांच्या सैन्यात लढलेल्यांना आपण मानवंदना का द्यावी? नाशिक तर क्रांतिकारकांचे गाव आहे.

हा प्रश्न दरवर्षी येतो आणि तो रास्त आहे. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी जिल्हाधिकारी जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या, आणि १९ एप्रिल १९१० रोजी कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. शहरातल्या मोठ्या मैदानाला आज हुतात्मा अनंत कान्हेरे यांचे नाव आहे. त्यानंतर पाच वर्षांच्या आत याच जिल्ह्यातले तरुण पलटणीत भरती होऊन बसऱ्याच्या बोटीत बसत होते.

या दोन गोष्टींत निवड करायला लावणे आम्हाला पटत नाही. भरती झालेल्यांपैकी बहुतेकांसमोर साम्राज्याचा प्रश्न नव्हता. दुष्काळ, सावकाराचे देणे, घराण्यातील चाकरीची परंपरा आणि महिन्याचा पगार हे प्रश्न होते. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला ‘मिलिटरी’ हे नाव चिकटले ते पहिल्या महायुद्धात तेथील ४६ जण कामी आल्यामुळे. त्या घरांनी इंग्रज सत्तेचा जयजयकार केला, असा त्याचा अर्थ नाही. मानवंदना मेलेल्या माणसाला दिली जाते, त्याला पाठवणाऱ्या सत्तेला नव्हे. तरीही ज्यांना हे मान्य नसेल त्यांनी येऊ नये, आणि येणाऱ्यांनी त्यांना देशद्रोही वा संकुचित म्हणू नये.

पदके कोणी आणि कोणत्या बाजूला लावावीत?

स्वतः मिळवलेली पदके माजी सैनिक डाव्या छातीवर लावतात. दिवंगत नातेवाइकाची पदके मुलांनी, पत्नीने किंवा नातवंडांनी उजव्या बाजूला लावावीत, म्हणजे पाहणाऱ्याला न विचारता फरक कळतो. साडीवर पदकांची पट्टी पदराला टोचू नये, वजनाने पदर ओढला जातो. ब्लाउजवर किंवा वरून घातलेल्या जाकिटावर ती नीट बसते. बाजारातून विकत घेतलेली पदके शोभेसाठी लावून येऊ नये.

पुष्पचक्र न्यावे की हार चालेल? लाल कागदी फूल आवश्यक आहे का?

लाल पॉपीचे फूल ही युरोपातील रणभूमीची खूण आहे. फ्रान्स-बेल्जियममध्ये तोफांनी उकरलेल्या जमिनीवर ते उगवत असे. भारतीय सैनिकांच्या स्मरणासाठी दिल्लीतील युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशन ऑफ इंडिया या संस्थेने झेंडूचे फूल पुढे आणले आणि महायुद्धाच्या शताब्दीच्या काळात ते रुजले. यात फार विचार करण्यासारखे काही नाही, झेंडू आपल्याकडे मुबलक आहे आणि आपल्या सगळ्या विधींत तो चालतो.

पुष्पचक्र गोल असावे, हातात धरता येईल एवढेच असावे आणि मागे टेकवण्यासाठी काडीचा आधार असावा. पंचवटीत गणेशवाडीच्या फुलबाजारात आदल्या दिवशी सांगून ठेवले तर पहाटे तयार मिळते, मात्र ‘स्वागताचे नको, मानवंदनेचे हवे’ असे स्पष्ट सांगावे, नाहीतर चमकीचा कागद आणि रंगीत रिबिनी लावूनच येते. पुण्यापर्यंतच्या प्रवासात फुले कोमेजू नयेत म्हणून ओल्या सुती कापडात गुंडाळून न्यावीत. हार चालतो, पण तो कबरीच्या दगडाला किंवा क्रॉसला घालू नये, पायथ्याशी ठेवावा. ठेवून झाल्यावर एक पाऊल मागे यावे, नागरिकांनी हात जोडावेत किंवा मान झुकवावी, क्षणभर थांबून वळावे. हात उंचावून लष्करी सलाम करण्याची नागरिकांना गरज नाही.

दिवा, अगरबत्ती, नारळ, नैवेद्य?

सार्वजनिक कार्यक्रमाच्या वेळी आणू नये. तिथे अनेक धर्मांचे लोक शेजारी शेजारी आहेत आणि हिरवळीवर तेल सांडले की डाग राहतात. घरचा विधी करायचाच असेल तर तो रामकुंडावर किंवा घरी करावा. सर्वपित्री अमावास्येला तिथी माहीत नसलेल्यांचे स्मरण करता येते आणि युद्धात बेपत्ता झालेल्यांच्या अनेक घरांनी पूर्वापार तेच केले आहे.

पोशाख कसा असावा?

साधा, स्वच्छ, फिक्या किंवा गडद रंगाचा. फेटा, पगडी आणि गांधी टोपी डोक्यावर राहू द्यावी. ऊन लागू नये म्हणून घातलेली खेळाडूंची टोपी मात्र शांततेच्या वेळी काढावी. पादत्राणे काढण्याचा नियम नाही.

लहान मुलांना न्यावे का, आणि फोटो काढता येतात का?

मुलांना अवश्य न्यावे. त्यांना आधी एवढेच सांगावे की दोन मिनिटे बोलायचे नाही आणि दगडांवर बसायचे नाही. कार्यक्रमानंतर त्यांना एका ओळीतील वये वाचायला लावावीत. एकोणीस, एकवीस, बावीस हे आकडे ती आपणहून आपल्या मोठ्या भावाच्या वयाशी ताडून पाहतात. बहुतेक दगडांवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण, मृत्यूची तारीख आणि धर्मचिन्ह असते. खाली घरच्यांनी निवडलेली एखादी ओळ असते, तिला ६६ अक्षरांची मर्यादा होती. फोटो शांततेच्या आधी किंवा नंतर काढावेत. मोबाइल बंदच ठेवावा, कारण नेमक्या त्या दोन मिनिटांत कोणाच्या तरी खिशात आरती सुरू होतेच.

आमच्या ग्रामपंचायतीला गावातील वीरजवानासाठी असा कार्यक्रम करायचा आहे. तिरंग्याबाबत काय काळजी घ्यावी?

चुका होतात त्या याच बाबतीत, आणि त्या चांगल्या हेतूने होतात. स्मारकाच्या किंवा पुतळ्याच्या अनावरणासाठी राष्ट्रध्वजाचा पडदा म्हणून वापर करता येत नाही. पडद्याला साधे कापड घ्यावे, ध्वज बाजूला स्वतंत्र आणि मानाच्या जागी असावा. जवानाच्या तसबिरीवर किंवा चौथऱ्यावर तिरंगा पांघरू नये, ती मुभा शासकीय, लष्करी आणि निमलष्करी अंत्यविधीपुरतीच आहे. ध्वज अर्ध्यावर आणणे हे सरकारी आदेशानेच होते, ग्रामपंचायतीने स्वतःच्या ठरावाने तसे करू नये. बिगुलवादक हवा असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे लेखी विचारणा करावी. तो मिळालाच नाही तर ध्वनिमुद्रित धून चालते, मात्र ध्वनिक्षेपक आदल्या दिवशी तपासून घ्यावा. व्यासपीठावर वीरमाता, वीरपत्नी आणि वीरपिता यांच्या खुर्च्या पुढाऱ्यांच्या आधी लावाव्यात, आणि त्यांना बोलण्याचा आग्रह करू नये.

अंत्यविधीतील मानवंदना आणि स्मृतिसोहळा यांत फरक काय?

अंत्यविधी एका माणसाचा असतो. शवपेटीवर तिरंगा असतो, केशरी पट्टा डोक्याकडे. हवेत बंदुकीच्या तीन फैरी झाडल्या जातात, आणि चितेला अग्नी देण्यापूर्वी ध्वज उतरवून घडी घालून कुटुंबाच्या हाती देतात. तो जाळायचा किंवा पुरायचा नसतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये बडगामच्या हेलिकॉप्टर दुर्घटनेत मृत्यू पावलेले नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे यांच्यावरील अंत्यसंस्काराच्या वेळी शहराने हे सारे जवळून पाहिले. स्मृतिसोहळ्यात फैरी बहुधा नसतात आणि ध्वज कोणाच्या हाती दिला जात नाही.

खडकीखेरीज नाशिकमध्ये वर्षभरात कोणते दिवस पाळले जातात?

तोफखान्याचे शहर म्हणून २८ सप्टेंबर हा गनर्स डे येथे मानाचा. १८२७ मध्ये याच तारखेला आज पाचवी बॉम्बे माउंटन बॅटरी म्हणून ओळखली जाणारी तुकडी उभी राहिली. नाशिक रोडचे आर्टिलरी सेंटर आणि देवळालीचे स्कूल ऑफ आर्टिलरी ही दोन्ही लष्करी हद्दीत असल्याने निमंत्रण किंवा परवानगीशिवाय तेथील कार्यक्रमांना जाता येत नाही. २६ जुलैला कारगिल विजय दिवस असतो. त्या युद्धात ५२७ जवानांना वीरमरण आले आणि देवळालीत शिकलेल्या तोफचींनी त्यात मोठी कामगिरी केली. १६ डिसेंबर हा १९७१ च्या विजयाचा दिवस. ७ डिसेंबरच्या ध्वजदिनाला निधी गोळा होतो, तो माजी सैनिक आणि वीरजवानांच्या कुटुंबांसाठी वापरतात. शाळेतून आलेले चिमुकले ध्वज विकत घेतल्यावर पावतीही मागावी.

स्वातंत्र्यानंतर वीरमरण आलेल्यांची नावे कोठे आहेत?

दिल्लीतील राष्ट्रीय युद्ध स्मारकात. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी त्याचे उद्घाटन झाले तेव्हा त्याग चक्राच्या भिंतींवर २५,९४२ नावे होती आणि नंतर त्यांत भर पडत गेली. इंडिया गेटवरील नावे त्याआधीच्या काळातील आहेत. तेथे १९७२ पासून तेवणारी अमर जवान ज्योती २१ जानेवारी २०२२ रोजी नव्या स्मारकातील ज्योतीत विलीन करण्यात आली.

नाशिकहून खडकीला कसे जावे?

सिन्नर, संगमनेर, नारायणगाव, राजगुरुनगर, चाकण या नेहमीच्या मार्गाने अंतर सुमारे दोनशे किलोमीटर आहे. अकराच्या कार्यक्रमासाठी पहाटे चारलाच निघावे, कारण चाकणच्या औद्योगिक वसाहतीची सकाळची कोंडी चुकवता येत नाही. एसटीने जाणाऱ्यांनी शिवाजीनगरपर्यंत न जाता नाशिक फाट्याला उतरून रिक्षा करावी. खडकी तेथून जवळ आहे. ओळखपत्र जवळ ठेवावे, मोठ्या बॅगा आणू नयेत आणि वृद्धांसाठी घडीची खुर्ची सोबत घ्यावी. त्या दिवशी जमले नाही तर इतर कोणत्याही दिवशी, उघडण्याच्या वेळा पाहून, जाता येते. प्रवेशद्वाराजवळ नोंदवही असते. तीत स्वतःच्या नावाखाली ज्याच्यासाठी आलात त्याचे नाव, पलटण आणि गाव लिहावे.